निकालाला कारणं, निवडीला मौन

मुंबई उच्च न्यायालयाच्या ४६ नंबरच्या कोर्टाबाहेर एक संगमरवरी पाटी आहे. १९०८ मध्ये शिक्षा ऐकण्यापूर्वी लोकमान्य टिळकांनी त्या दालनात जे उद्गार काढले, ते तिच्यावर कोरलेले आहेत. पाटीचं अनावरण १९५६ मध्ये तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या हस्ते झालं. ज्या न्यायालयानं शिक्षा दिली, त्यानंच अठ्ठेचाळीस वर्षांनी आरोपीचे शब्द भिंतीवर लावले. शाळेच्या सहली येतात, मार्गदर्शक टिळकांची गोष्ट सांगतात. समोरच्या खुर्चीत कोण बसलं होतं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

खुर्चीत होते न्या. दिनशा दावर. टिळकांवरचा हा राजद्रोहाचा पहिला खटला नव्हता. १८९७ मध्येही त्यांना अटक झाली होती आणि तेव्हा जामिनासाठी न्या. बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यापुढे अर्ज झाला होता. टिळकांच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या बॅरिस्टरचं नाव दिनशा दावर. तय्यबजींनी जामीन दिला. अकरा वर्षांनी दावर न्यायमूर्ती झालेले होते, आरोपी तोच होता, कलम तेच होतं आणि जामिनासाठी उभे होते तरुण बॅरिस्टर महंमद अली जिना. त्यांच्या हाताशी आयता दाखला होता: याच माणसाला, याच न्यायालयात, खुद्द समोर बसलेल्या न्यायमूर्तींच्या युक्तिवादावरून मिळालेला जामीन. दावरांनी अर्ज फेटाळला आणि कारणांच्या चर्चेत शिरायचंही टाळलं. पुढे खटला उभा राहिला. ज्युरीतल्या सात युरोपियनांनी टिळकांना दोषी ठरवलं, दोन भारतीयांनी निर्दोष. २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा झाली आणि टिळक मंडालेला गेले. दावरांना यथावकाश ‘सर’ ही पदवी मिळाली.

वकिलाचा न्यायमूर्ती झाला की तो पूर्वीच्या युक्तिवादाला बांधलेला नसतो, हे खरं. वकील अशिलाची बाजू मांडतो, स्वतःचं मत नव्हे. पण दावरांच्या या दोन भूमिकांमध्ये बदललं होतं ते एवढंच की १९०८ मध्ये ते सरकारनं नेमलेले होते. तय्यबजींनाही सरकारनंच नेमलं होतं, हेही लगेच सांगायला हवं. म्हणजे नेमणूक कोण करतं यावरून माणूस काय निकाल देईल हे ठरत नाही. तरीही गेली पंचाहत्तर वर्षं या देशातली सरकारं आणि न्यायालयं न्यायमूर्ती कोणी नेमायचे यावरून एकमेकांशी झगडत आली आहेत. निकालाशी नेमणुकीचा काही संबंध नसता, तर एवढा झगडा कुणी कशाला केला असता?

हा संबंध नेमका कुठं येतो, हे समजायला मोठे घटनात्मक खटले लागत नाहीत. विदर्भातलं एक पोलीस ठाणं पुरे.

मार्च १९७२. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं, आता गडचिरोलीत असलेलं देसाईगंज. एका अल्पवयीन आदिवासी मजूर मुलीला रात्री जबाबासाठी ठाण्यात आणलं गेलं. नातेवाईक बाहेर थांबलेले होते. आत दोन पोलिसांनी तिच्यावर अत्याचार केल्याचा आरोप झाला. १९७४ मध्ये सत्र न्यायालयानं दोघांना सोडलं. मुलीच्या ‘चारित्र्या’वर निकालपत्रात बरंच लिहिलं गेलं. अपील नागपूर खंडपीठाकडे गेलं. तिथल्या न्यायमूर्तींनी तोच पुरावा वाचला आणि म्हटलं की भीतीपोटी गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे. रात्रीच्या वेळी, ठाण्याच्या चार भिंतींत, गणवेशातल्या माणसांपुढे ही मुलगी करणार काय होती? दोघांना शिक्षा झाली. मग सर्वोच्च न्यायालय. सप्टेंबर १९७८ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठानं तोच वैद्यकीय अहवाल समोर ठेवला, अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा ऐकू आला नाही असं म्हटलं आणि दोघांना पुन्हा सोडलं.

साक्षी त्याच होत्या, दंड संहितेचं कलम तेच होतं. नवा साक्षीदार सापडला नव्हता. वेगळं होतं ते जखमा नसण्याचा अर्थ लावणारं मन. एकाला त्यात संमती दिसली, दुसऱ्याला दहशत. कायद्याच्या पुस्तकात या दोन्हींपैकी काय निवडायचं हे लिहिलेलं नव्हतं. ते न्यायमूर्ती आयुष्याच्या अनुभवातून घेऊन आले होते. वर्षभरानंतर उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये संसदेनं पुरावा कायद्यात कलम ११४-अ घातलं: कोठडीतल्या बलात्कारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीनं संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालयानं ती नव्हती असंच गृहीत धरावं. न्यायमूर्तींच्या मनाला जिथं मोकळी जागा होती, तिथं संसदेनं कुंपण घातलं.

अशी कुंपणं घालून सगळी जागा बंद होत नाही. जानेवारी २०२१ मध्ये त्याच नागपूर खंडपीठात न्या. पुष्पा गनेडीवाला यांच्यासमोर मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरोधातल्या ‘पॉक्सो’ कायद्याखालचं अपील आलं. बारा वर्षांच्या मुलीचा विनयभंग. घटना सिद्ध झालेली. वाद उरला तो कायद्यातल्या ‘शारीरिक संपर्क’ या शब्दांचा. कपड्यांवरून केलेला स्पर्श हा असा संपर्क धरायचा की नाही? न्या. गनेडीवालांचा तर्क असा की कठोर शिक्षेसाठी पुरावाही तेवढाच कठोर हवा, म्हणून त्वचेला त्वचेचा स्पर्श हवा. आरोपीची ‘पॉक्सो’तून सुटका झाली आणि दंड संहितेखालची कमी शिक्षा लागू झाली. किमान तीन वर्षांचं किमान एक वर्ष झालं. गदारोळ झाला. काही दिवसांतच सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती दिली आणि नोव्हेंबरमध्ये न्या. उदय लळीत यांच्या अध्यक्षतेखालच्या पीठानं निकाल रद्द केला. मुलांच्या रक्षणासाठी केलेल्या कायद्याचा अर्थ असा लावायचा की तो निकामी व्हावा, हे चालणार नाही, असं त्या पीठाचं म्हणणं.

निकाल वाईट होता आणि अपिलात तो दुरुस्त झाला. व्यवस्था जशी चालायला हवी तशी चालली. पण गोष्ट तिथं थांबली नाही. न्या. गनेडीवाला तेव्हा अतिरिक्त न्यायमूर्ती होत्या. त्यांना कायम करण्याची शिफारस झालेली होती. ती मागे घेतली गेली. नेमणुकांची शिफारस करणाऱ्या ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या मंडळानं, म्हणजे न्यायवृंदानं (कॉलेजियम), आणखी दोन वर्षं सुचवली, सरकारनं एकच दिली. फेब्रुवारी २०२२ मध्ये ती संपताना त्यांनी राजीनामा दिला.

अनेकांना हे योग्यच वाटलं. या लेखाला ते तितकंसं वाटत नाही, आणि त्याचं कारण आहे लळीत हे आडनाव. न्या. उदय लळीत यांचे वडील उमेश रंगनाथ लळीत आणीबाणीच्या काळात मुंबई उच्च न्यायालयात अतिरिक्त न्यायमूर्तीच होते. राजद्रोहाच्या एका प्रकरणात त्यांनी तरुण आरोपींना जामीन दिला. त्यांनाही कायम केलं गेलं नाही. ते पुन्हा वकिलीकडे वळले. मुलगा पुढे वकिलीतून थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०२२ मध्ये ७४ दिवस सरन्यायाधीश राहिला.

एका न्यायमूर्तींनी लोकांना चीड आणणारा निकाल दिला, दुसऱ्यांनी सरकारला. दोघांनाही एकाच दारातून बाहेर जावं लागलं. राज्यघटनेतल्या २२४व्या अनुच्छेदात अतिरिक्त न्यायमूर्तींची तरतूद तुंबलेली कामं उपसण्यासाठी आहे, जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी. व्यवहारात ती उमेदवारीची वर्षं झाली आहेत. ‘कन्फर्म’ होईपर्यंत वकिलांची नजर, वरिष्ठांची नजर, सरकारची नजर. माणूस भित्राच होईल असं नाही. पण अशा दोन वर्षांत जामिनाचा एखादा अर्ज हातात घेताना त्याच्या मनात काय काय येत असेल, हे सांगायला मानसशास्त्रज्ञ लागत नाही.

आणीबाणीत एवढ्यावर भागलं नाही. उच्च न्यायालयांच्या सोळा न्यायमूर्तींच्या बदल्या झाल्या. त्याआधी एप्रिल १९७३ मध्ये तर सरन्यायाधीशपदालाच हात घातला गेला होता. २४ तारखेला संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकारावरच्या केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला: तेरा न्यायमूर्ती, अडुसष्ट दिवसांची सुनावणी, सात विरुद्ध सहा. दुसऱ्याच दिवशी न्या. शेलाट, न्या. हेगडे आणि न्या. ग्रोवर या तीन ज्येष्ठांना डावलून न्या. अजितनाथ राय यांचं नाव जाहीर झालं. तिघंही बहुमताच्या बाजूचे, सरकारला न आवडलेल्या. तिघांनी राजीनामे दिले. कोण कुठल्या बाजूनं लिहितो हे दिल्लीत मोजलं जातं, हे त्या दिवशी प्रत्येक उच्च न्यायालयातल्या प्रत्येक न्यायमूर्तीला कळलं.

तीन वर्षांनी त्याची किंमत दिसली. आणीबाणीत विनाचौकशी डांबलेल्या माणसाला न्यायालयात दाद मागता येते, असं नऊ उच्च न्यायालयांनी म्हटलेलं असताना २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक मतानं येत नाही असं सांगितलं. एकटे पडले ते न्या. हंसराज खन्ना. जानेवारी १९७७ मध्ये त्यांनाही डावललं गेलं आणि त्यांनी पद सोडलं. चौघांत होते यशवंतराव चंद्रचूड. पुढे ते सात वर्षं सरन्यायाधीश होते, आजवरची सर्वांत दीर्घ कारकीर्द. २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात १९७६चा हा निकाल चूक होता असं लिहिणाऱ्या न्यायमूर्तींचं नाव धनंजय चंद्रचूड. वडिलांचा निकाल मुलानं मोडला, याचं वर्तमानपत्रांना अप्रूप वाटलं. त्याहून मोठी गोष्ट ही की तो मोडायला एकेचाळीस वर्षं लागली.

हे सगळं होऊ शकतं, याची कल्पना घटना लिहिताना नव्हती असं नाही. २४ मे १९४९ रोजी संविधान सभेत या विषयावर चर्चा झाली. न्यायमूर्ती नेमताना राष्ट्रपतींनी सरन्यायाधीशांचा सल्ला घ्यावा एवढं मसुद्यात होतं. नुसता सल्ला नको, त्यांची संमतीच हवी, अशी दुरुस्ती आली. डॉ. आंबेडकरांनी ती मानली नाही. सरन्यायाधीश कितीही थोर असला तरी तोही माणूसच, तुमच्या-आमच्यासारखे त्यालाही राग-लोभ आणि पूर्वग्रह असणार, एका माणसाच्या हाती नकाराधिकार देणं धोक्याचं, असं त्यांचं म्हणणं. त्याच वेळी सगळं सरकारच्या हाती सोडणंही त्यांना मान्य नव्हतं. म्हणून मधला मार्ग: विचारून नेमा.

विचारल्यावर ऐकायचं की नाही, हे लिहिलेलं नव्हतं. त्या फटीतून पुढचा सगळा इतिहास आत आला.

मार्च १९८१ मध्ये केंद्रीय कायदामंत्री पी. शिवशंकर यांनी राज्यांना पत्र पाठवलं: अतिरिक्त न्यायमूर्तींकडून दुसऱ्या राज्यात जायला तयार असल्याची संमती आधीच घेऊन ठेवा. त्याच सुमारास दिल्लीतल्या तीन अतिरिक्त न्यायमूर्तींना तीन-तीन महिन्यांची मुदतवाढ मिळाली. तीन महिने! भाडेकरूला घर सोडायलाही एवढी मुदत देतात. वकील खवळले. मुंबईत इक्बाल छागला यांनी याचिका केली, त्या पाटीचं अनावरण करणाऱ्या छागलांचे ते चिरंजीव. दिल्लीत मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती, मूळ सासवडचे वि. म. तारकुंडे पुढे आले. सगळ्या याचिका सर्वोच्च न्यायालयात एकत्र झाल्या आणि डिसेंबरमध्ये निकाल लागला: सल्ला म्हणजे सल्लाच, अंतिम शब्द सरकारचा. वकील हरले. बारा वर्षांनी, ६ ऑक्टोबर १९९३ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं हे उलटं केलं. सरन्यायाधीशांच्या मताला प्राधान्य, पण ते मत एकट्याचं नव्हे, दोन ज्येष्ठ सहकाऱ्यांसह बनवलेलं. १९९८ मध्ये राष्ट्रपती नारायणन यांच्या पृच्छेवर दोनाचे चार झाले. आज ज्याला न्यायवृंद म्हणतात, तो असा खटल्यांतून जन्मला. घटनेच्या पुस्तकात हा शब्द शोधून सापडत नाही.

आंबेडकरांनी एका माणसाला नाकारलेला अधिकार पाच माणसांना मिळाला, असं म्हणता येईल. १९७३ आणि १९७६ पाहिलेल्या पिढीनं तो दिला, हेही विसरून चालणार नाही. पाळत ठेवणारं सरकार आणि बंद खोलीतले पाच न्यायमूर्ती यांतलं एक निवडायचं असेल, तर बंद खोली बरी, असा तो हिशेब होता.

त्या खोलीत नाव पोचतं कसं? उच्च न्यायालयात ढोबळमानानं दोनतृतीयांश न्यायमूर्ती वकिलांतून येतात, एकतृतीयांश जिल्हा न्यायाधीशांतून. मुख्य न्यायमूर्ती आणि दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती नावं काढतात. चांगली प्रॅक्टिस असलेल्या पंचेचाळीस-पन्नाशीच्या वकिलाला चेंबरमध्ये बोलावलं जातं आणि विचारलं जातं: येता का? उत्पन्न उतरणार, दिवसभर बसून पन्नास-साठ मॅटरचं बोर्ड हातावेगळं करायचं, बासष्टाव्या वर्षी निवृत्त व्हायचं. होकार दिला की उत्पन्नाचे तपशील, लढवलेल्या खटल्यांची निकालपत्रं, माहितीचा कागद. फाइल राज्यपाल आणि मुख्यमंत्र्यांकडून दिल्लीला जाते, गुप्तवार्ता विभाग चौकशी करतो, मग सर्वोच्च न्यायालयाचा न्यायवृंद, पुन्हा कायदा मंत्रालय, पंतप्रधान, राष्ट्रपती. सरकार एकदा नाव परत पाठवू शकतं. न्यायवृंदानं तेच नाव पुन्हा पाठवलं तर नेमणूक करावीच लागते. किती दिवसांत, हे कुठं लिहिलेलं नव्हतं. म्हणून नकार द्यायची गरजच उरली नाही, फाइल टेबलावर ठेवली की झालं. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुदती ठरवून दिल्या, पुन्हा पाठवलेल्या नावासाठी तीन ते चार आठवडे. त्या फारशा पाळल्या गेल्या नाहीत.

सोमशेखर सुंदरेशन यांचं उदाहरण मुंबईचंच. पत्रकारितेतून वकिलीत आलेले, रोखे बाजाराच्या कायद्यातलं मोठं नाव. फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यायवृंदानं मुंबई उच्च न्यायालयासाठी त्यांची शिफारस केली. सरकारचा आक्षेप: न्यायालयापुढे असलेल्या विषयांवर हे समाजमाध्यमांत मतं मांडतात. जानेवारी २०२३ मध्ये न्यायवृंदानं लेखी उत्तर दिलं की मत असणं ही अपात्रता नव्हे, आणि नाव पुन्हा पाठवलं. नेमणूक झाली त्या वर्षाच्या नोव्हेंबरात. या मधल्या काळात माणूस ना धड वकील, ना न्यायमूर्ती. उद्या खुर्चीत बसणार असलेल्या वकिलाकडे नवं ब्रीफ द्यायला पक्षकार कचरतात. कर्नाटकातले ज्येष्ठ वकील आदित्य सोंधी यांचं नाव तर पुन्हा पाठवूनही अडकलं. २०२२ मध्ये त्यांनी कंटाळून संमती परत घेतली.

आणि न्यायवृंद ज्यांची नावं घेतच नाही, त्यांचं काय? तिथं सरकारकडे बोट दाखवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयात १९५० पासून २०२५ पर्यंत आलेल्या महिला न्यायमूर्ती अकरा. त्यांत मुंबईच्या सुजाता मनोहर आणि रंजना देसाई. वकिलांत ‘अंकल जज’ (ज्यांचे नातलग त्याच न्यायालयात वकिली करतात असे न्यायमूर्ती) हा शब्द हसत उच्चारला जातो. २००९ मध्ये विधि आयोगानंही आपल्या अहवालात तो वापरला. अमरावतीचे भूषण गवई मे २०२५ मध्ये सरन्यायाधीश झाले, तेव्हा त्या पदावरचे ते दुसरेच दलित होते.

निवडीचे निकष काय, हे अभ्यासकांना आडवाटेनं शोधावं लागतं. जॉर्ज गॅडबॉइस या अमेरिकी प्राध्यापकानं १९८०च्या दशकात न्यायमूर्तींच्या दारोदार जाऊन मुलाखती घेतल्या. मुंबईतले वकील अभिनव चंद्रचूड यांनी त्या टिपणांवर पुस्तक लिहिलं. वय, ज्येष्ठता, प्रांत यांचे अलिखित नियम अशा अभ्यासांतून उजेडात आले. साधा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी (जेएमएफसी) व्हायला लोकसेवा आयोगाची पूर्वपरीक्षा, दोनशे गुणांची मुख्य परीक्षा आणि पन्नास गुणांची मुलाखत द्यावी लागते. मे २०२५ पासून त्याआधी तीन वर्षांची वकिलीही हवी. कट-ऑफ जाहीर होतो. लातूरच्या किंवा कणकवलीच्या कोर्टात बसणारा न्यायाधीश किती गुणांनी आला हे कळू शकतं. दिल्लीतला कशामुळे आला हे कळत नाही.

संसदेनं २०१४ मध्ये घटनादुरुस्ती करून यावर उपाय काढला: सरन्यायाधीश, दोन न्यायमूर्ती, कायदामंत्री आणि दोन मान्यवर अशा सहा जणांचा आयोग. सहांपैकी कोणत्याही दोघांना नाव अडवता येणार होतं. म्हणजे सरकारला एक मान्यवर वळवला की पुरे. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक मतानं ही घटनादुरुस्ती रद्द केली. एक होते न्या. चेलमेश्वर. न्यायवृंदाच्या कारभाराचा मागमूस बाहेर कुणाला लागत नाही, ही त्यांची तक्रार. पुढच्या वर्षी बैठकींचं इतिवृत्त लिहिलं जावं असा आग्रह धरून त्यांनी बैठकींना जाणंच बंद केलं. त्यांच्या सहकाऱ्यांना तो हट्ट वाटला. पण जामिनाच्या चार ओळींच्या आदेशातही कारण हवं असं खालच्या न्यायालयांना बजावणाऱ्या न्यायालयाकडे त्यांनी तेवढंच तर मागितलं होतं.

ऑक्टोबर २०१७ पासून ठराव संकेतस्थळावर येऊ लागले. काहींत कारणं दिलेली, काहींत नुसती नावं. २५ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायवृंदानं सर्वोच्च न्यायालयासाठी दोन नावं सुचवली: मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती आलोक आराधे आणि पाटण्याचे मुख्य न्यायमूर्ती विपुल पंचोली. दुसऱ्या नावाला न्या. बी. व्ही. नागरत्ना यांनी लेखी विरोध केल्याचं वर्तमानपत्रांतून कळलं. संकेतस्थळावरच्या निवेदनात त्याचा उल्लेख नव्हता. सुंदरेशन यांच्या फाइलला एकवीस महिने लागले होते. या वेळी अधिसूचना दोन दिवसांत निघाली आणि २९ तारखेला दोघांचा शपथविधी झाला.